न झालेल्या उपचाराचे बिल : वाद काउंटरवर नको, केसपेपरवर घाला

मा. संपादक,
स. न. वि. वि.

बार्शी-मोहोळपासून तुळजापूर, उमरगा, इंडी, विजयपूरपर्यंतचा पेशंट उपचारासाठी सोलापूर गाठतो. डिस्चार्जच्या दिवशी दुपारी इथल्या कुठल्याही मोठ्या रुग्णालयात बिलिंगच्या खिडकीपाशी उभे राहा, एकच तक्रार मराठीत, कानडीत आणि तेलुगूत ऐकू येते : जे झालेच नाही त्याचे पैसे लावलेत. ऑपरेशन पुढे ढकलले, पण ओटी (ऑपरेशन थिएटर) चार्ज आहे. श्वासाची नळी काढून दोन दिवस झाले, बिलात व्हेंटिलेटर अजून चालूच आहे. इंजेक्शन बदलले, जुन्याचे दहा नग तसेच. मग आवाज चढतो, कोणीतरी ओळखीच्या नगरसेवकाला फोन लावतो, मॅनेजर पाच-सात हजार कमी करतो आणि प्रकरण मिटते.

असे मिटणे बहुतेकदा पेशंटच्या तोट्याचे असते. जास्तीची रक्कम चाळीस हजार असू शकते, आणि 'डिस्काउंट' घेतला की उरलेले बिल तुम्हाला मान्य होते असाच त्याचा अर्थ पुढे लावला जातो. चुकीच्या आकारणीवर सूट मागायची नसते, ती ओळ रद्द करून मागायची असते. आणि ती रद्द होते एकाच कागदाच्या जोरावर : इनडोअर केसपेपर, म्हणजे भरती असतानाच्या उपचाराच्या नोंदींची फाइल. बिलात आहे आणि केसपेपरमध्ये नाही, अशी एकेक ओळ तारखेसह दाखवली की समोरच्याला आवाज चढवायला जागा राहत नाही. हे काम घरातल्या दहावी-बारावी झालेल्या मुलालाही जमते. कसे, ते सविस्तर लिहितो.

आधी चूक कुठे होते ते पाहू, कारण प्रत्येक चुकीमागे लबाडी असतेच असे नाही. बिलिंगच्या सॉफ्टवेअरमध्ये खाट आणि तिच्याबरोबरचे आकार (मॉनिटर, ऑक्सिजन, सिरिंज पंप, नर्सिंग, आरएमओ म्हणजे निवासी डॉक्टर) एकत्र बांधलेले असू शकतात आणि तारीख बदलली की ते आपोआप चढतात. पेशंटला दुपारी आयसीयूतून वॉर्डात हलवले, पण संगणकावर आयसीयूची खाट कोणी सोडवली नाही, तर त्या दिवशी दोन्ही खाटांचे भाडे लागते. दुसऱ्या दिवशीही कोणाच्या लक्षात आले नाही तर मॉनिटर आणि पंप वॉर्डातल्या पेशंटलाही लागत राहतात.

औषधांचे गणित वेगळ्या ठिकाणी बिघडते. वॉर्डातली सिस्टर पुढच्या २४ तासांचा इंडेंट, म्हणजे औषधांची मागणी, टाकते. त्यानंतर डॉक्टरांचा राउंड होतो, कल्चरचा (जंतूंच्या तपासणीचा) रिपोर्ट आलेला असतो, अँटिबायोटिक बदलले जाते. जुने औषध वॉर्डच्या ट्रॉलीत पडून राहते, बिल मात्र पेशंटच्या नावावर पडून गेलेले असते. ते उतरवायचे तर सिस्टरने रिटर्न स्लिप भरायची, फार्मसीने नग आणि बॅच नंबर ताडून परत घ्यायचे आणि मग क्रेडिट पडायचे. ड्युटी बदलली की हे काम पुढच्या पाळीवर ढकलले जाते, आणि डिस्चार्जच्या घाईत राहून जाते. पेशंट दगावला असेल तर हमखास राहते. दुसऱ्या दिवसासाठी मागवलेली औषधे सीलबंद असतात आणि घरच्यांना त्या वेळी असले काही सुचत नाही.

यात आणखी एक मेख आहे. रुग्णालयाच्या आवारातली फार्मसी पुष्कळदा वेगळ्या नावाची, वेगळ्या परवान्याची असते. तिचे बिल रुग्णालयाच्या मुख्य बिलात एका ओळीत येते : 'फार्मसी, ८६,४००'. या एका ओळीखाली साठ-सत्तर पावत्या असू शकतात. रिटर्नचे क्रेडिट फार्मसीच्या खात्यात पडले आणि मुख्य बिलात आलेच नाही, असेही होते. म्हणून मागायचे ते दोन कागद : रुग्णालयाचे तारीखवार तपशीलवार बिल, आणि फार्मसीचे विक्री व परतीचे पूर्ण लेजर (खातेउतारा). 'समरी बिल' पाहून वाद घालण्यात अर्थ नाही.

केसपेपरच्या फाइलमध्ये नेमके काय पाहायचे? डॉक्टरांच्या नोट्स, नर्सिंग नोट्स, औषधांचा चार्ट (कोणता डोस किती वाजता दिला आणि कोणी सही केली), शिरेतून व तोंडाने गेलेल्या द्रवाचा इनटेक-आउटपुट चार्ट, आयसीयू असेल तर व्हेंटिलेटर चार्ट, आणि शस्त्रक्रिया असेल तर ओटी नोट व भूलतज्ज्ञाची नोट. या कागदांवरच्या वेळा बिलाशी ताडायच्या.

औषधाचे एक उदाहरण घेऊ. समजा मेरोपेनेम हे अँटिबायोटिक १ ग्रॅम दर आठ तासांनी लिहिले आहे. पहिला डोस ५ तारखेला रात्री १० वाजता, शेवटचा ९ तारखेला सकाळी ६ वाजता. ५ तारखेचा १, ६-७-८ तारखांचे प्रत्येकी ३, आणि ९ तारखेचा १, असे ११ डोस होतात. बिलात मात्र पाच तारखा गुणिले ३, म्हणजे १५ वायल (इंजेक्शनच्या कुप्या) दिसतात. चार वायल जास्त. एवढ्यावर थांबू नका. हे इंजेक्शन सहसा १०० मिलीच्या सलाईनमधून देतात, तेव्हा त्या छोट्या बाटल्याही ११ हव्यात. वायल १५ लावल्या असतील तर बाटल्या, सिरिंजही त्याच हिशेबाने वाढलेल्या असतात. मोठ्या सलाईनच्या बाटल्या इनटेक चार्टवरून मोजा : त्या मुदतीत शिरेतून ६ लिटर गेले अशी बेरीज येत असेल आणि त्यात या ११ छोट्या बाटल्यांचे १.१ लिटर धरलेले असेल, तर उरतात ४.९ लिटर, म्हणजे ५०० मिलीच्या दहा बाटल्या. बिलात अठरा असतील तर विचारायचे की आठ गेल्या कुठे.

इथे दुसरी बाजूही सांगायला हवी, नाहीतर हरकत लंगडी पडते. उघडलेली वायल पूर्ण लागते. रक्त गोठू न देणाऱ्या हेपॅरिनची ५ मिलीची वायल २५,००० युनिटची असते. पेशंटला त्यातले १०,००० च लागले तरी उरलेले परत होत नाही. डोस तयार केल्यावर बीपी खाली आले म्हणून दिला नाही, तर तो वाया जातो आणि चार्टवर तसा शेरा असतो. ते पैसे द्यावे लागतात. हातमोजे, मास्क, कापूस यांचे नग मोजत बसू नका. त्यांची नोंद कोणत्याच चार्टवर नसते आणि वाद तिथेच अडकून पडतो. (एकच इन्सुलिनची वायल चार खाटांवर वापरून चौघांच्या बिलात पूर्ण लावणे हा मात्र वेगळा प्रकार आहे. तो पैशाचा तर आहेच, संसर्गाच्या दृष्टीनेही बरा नाही.) मोठ्या ओळी आधी धरा : खाट, व्हेंटिलेटर, महागडी इंजेक्शने, ओटी, इम्प्लांट, तपासण्या, व्हिजिट.

व्हेंटिलेटरसाठी दोनच वेळा शोधा, नळी घातली ती आणि नळी काढली ती. दोन्ही नोट्समध्ये असतातच. नळी काढल्यावर मास्क लावून बायपॅप (श्वासाला मदत करणारे यंत्र) दिले असेल तर त्याचा दर सहसा कमी असतो, आणि तो व्हेंटिलेटरच्या नावाने लागता कामा नये. तपासण्यांचा नियम सोपा आहे : जितके रिपोर्ट तितके पैसे. प्रत्येक रिपोर्टवर नमुना घेतल्याची तारीख-वेळ असते. बिलात सोडियम-पोटॅशियम नऊ वेळा आणि फाइलमध्ये रिपोर्ट सहा, तर उरलेले तीन दाखवा म्हणायचे. रक्तातल्या वायूंच्या तपासणीची, म्हणजे एबीजीची चिठ्ठी थर्मल कागदावर येते आणि काही महिन्यांत कोरी पडते. तिचा मोबाइलवर फोटो काढून ठेवा. साधा सीटी स्कॅन झाला असताना कॉन्ट्रास्टचे (रंगद्रव्य देऊन काढलेल्या स्कॅनचे) पैसे लागले असतील तर रिपोर्टच्या पहिल्या दोन ओळींतच उत्तर असते. डॉक्टरांच्या व्हिजिटचेही तसेच. हृदयरोगतज्ज्ञांची 'रेफरन्स व्हिजिट' लावली, पण त्या दिवशी त्यांची नोट किंवा सही फाइलमध्ये नाही, तर ती व्हिजिट सिद्ध करण्याची जबाबदारी रुग्णालयाची आहे.

आता रद्द झालेल्या शस्त्रक्रियेकडे येऊ, कारण सर्वांत मोठ्या रकमा इथे अडकतात. साखर वाढली, ताप आला, भूलतज्ज्ञाने फिटनेस दिला नाही किंवा घरच्यांनी विचार बदलला, कारण काहीही असो, एक प्रश्न विचारायचा : पेशंट टेबलवर गेला का आणि भूल दिली गेली का? भूल दिली नसेल तर सर्जनची फी, सहायकाची फी, भूलतज्ज्ञाची पूर्ण फी आणि तासाच्या हिशेबाने ओटी भाडे यांना आधार राहत नाही. खाटेचे भाडे, झालेल्या तपासण्या आणि ऑपरेशनपूर्व भूल-तपासणीची फी मात्र द्यावी लागते. भूल देऊन झाल्यावर गुंतागुंत झाली आणि ऑपरेशन थांबवले, तर भूलतज्ज्ञाची फी आणि त्या वेळेपुरते ओटी भाडे रास्त आहे. ओटीचा 'किट' हा वेगळा मुद्दा. ओटीसाठी टाके, ड्रेप (निर्जंतुक कापड), कॅथेटर यांची ठरलेली यादी एकगठ्ठा बिलात चढते. ऑपरेशनच झाले नाही तर त्यातली पाकिटे फुटलेली नसतात आणि ती परत गेली पाहिजेत. पॅकेज ठरले होते आणि प्रत्यक्षात छोटी प्रक्रिया झाली (अँजिओप्लास्टी ठरली, पण अँजिओग्राफीवरच थांबले), तर पॅकेजच्या दराने बिल लावता येत नाही. झालेल्या प्रक्रियेचे स्वतंत्र बिल मागा. संमतीपत्राची प्रतही घ्या. एका प्रक्रियेसाठी दिलेली संमती दुसऱ्या प्रक्रियेला चालत नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने समीरा कोहली प्रकरणात २००८ मध्ये स्पष्ट केले आहे. अपवाद जीव वाचवण्यासाठी तातडीने कराव्या लागणाऱ्या उपचाराचा.

इम्प्लांटमध्ये फसगत टाळणे तुलनेने सोपे आहे. स्टेंट, गुडघ्याचा सांधा, प्लेट यांच्या पाकिटावर बॅच नंबर असलेले स्टिकर असते आणि ते केसपेपरवर चिकटवतात. बिलात दोन स्टेंट आणि फाइलमध्ये एकच स्टिकर असेल तर उत्तर रुग्णालयाने द्यायचे. स्टेंटच्या किमतींवर फेब्रुवारी २०१७ पासून आणि गुडघ्याच्या इम्प्लांटवर ऑगस्ट २०१७ पासून केंद्राच्या औषध किंमत प्राधिकरणाची कमाल मर्यादा आहे, आणि स्टेंटची किंमत ब्रँड, बॅचसह बिलात स्वतंत्र दाखवणे आवश्यक आहे. हाडाच्या ऑपरेशनमध्ये तर ऑपरेशननंतरच्या एक्स-रेत स्क्रू चक्क मोजता येतात. आठ भोकांची प्लेट, एक्स-रेत सात स्क्रू, बिलात अकरा, असा फरक दिसला तर ओटी नोट मागा. लांबी न जुळल्याने एखादा स्क्रू बदलावा लागतो, ते समजण्यासारखे आहे. चार बदलले असतील तर तशी नोंद हवी.

रक्ताच्या पिशव्यांबद्दल गैरसमज फार आहे. ऑपरेशनसाठी दोन पिशव्या राखून ठेवल्या आणि लागल्या नाहीत, तर क्रॉसमॅचिंगचे (रक्त जुळते का, या तपासणीचे) पैसे द्यावे लागतात, कारण ते काम झालेले असते. पण रक्तकेंद्रातून पिशवी उचललीच नसेल तर तिचे प्रक्रिया शुल्क लावणे योग्य नाही. उचलून आणली आणि शीतसाखळी तुटली, म्हणजे ती ठरलेल्या थंडाव्यात राहिली नाही, तर रक्तकेंद्र ती परत घेत नाही; बाहेर अर्धा तास हीच मर्यादा समजतात. म्हणून नातेवाइकांनी 'आणून ठेवू' या घाईने पिशवी आणू नये, चढवायची वेळ सिस्टरकडून कळल्यावरच आणावी.

औषध परत करायचे नियम फार्मसीच्या पावतीच्या तळाशी बारीक अक्षरांत छापलेले असतात. साधारणपणे मूळ पावती, तीच बॅच, न कापलेली स्ट्रिप, न उघडलेली बाटली लागते. फ्रिजमधली औषधे (इन्सुलिन, अल्ब्युमिन, इम्युनोग्लोब्युलिन) परत घेत नाहीत. हा शेवटचा नियम काउंटरवरून तुमच्या हातात आलेल्या औषधाला ठीक आहे, कारण तुम्ही ते कुठे ठेवले ते फार्मासिस्टला माहीत नसते. पण जे अल्ब्युमिन फार्मसीतून थेट आयसीयूच्या फ्रिजमध्ये गेले आणि तिथेच राहिले, ते नातेवाइकाच्या हातात कधी आलेच नाही. त्याची शीतसाखळी रुग्णालयाच्याच ताब्यात होती. तेव्हा 'फ्रिजचा माल परत होत नाही' हे उत्तर मान्य करू नका. अल्ब्युमिनची एकेक बाटली काही हजारांची असते. तसेच, औषधे रुग्णालयातल्याच फार्मसीतून घेणे बंधनकारक नाही, असा फलक लावण्याच्या सूचना राज्याच्या अन्न व औषध प्रशासनाने २०२५ मध्ये दिल्या आहेत. छापील एमआरपीपेक्षा एक रुपयाही जास्त घेता येत नाही, आणि एमआरपीत कर धरलेला असतो.

डिस्चार्जच्या दिवसाची तयारी आदल्या दिवशीच सुरू करावी. शक्य असेल तर दाखल झाल्यापासून रोज संध्याकाळी अंतरिम बिल मागा. तीन दिवसांची चूक शोधणे आणि तेरा दिवसांची शोधणे यात फार फरक आहे. डिस्चार्ज ठरल्याचे कळताच इन्चार्ज सिस्टरला विचारा, की ट्रॉलीत आमच्या नावाचे काय शिल्लक आहे, आणि रिटर्न स्लिपची प्रत घ्या. मग तपशीलवार बिल वाचा. वाद सुटला नाही तरी पैसे भरावे लागतात, पेशंटला घरी न्यायचे असते. तेव्हा बिलाच्या रुग्णालयाकडे राहणाऱ्या प्रतीवर आणि आपल्या प्रतीवर हाताने लिहा : "अमुक क्रमांकाच्या ओळींवर हरकत राखून रक्कम भरत आहे", खाली सही, तारीख, वेळ. दोन्ही प्रतींचा फोटो काढा. 'बिलाबाबत कोणतीही तक्रार नाही' अशा छापील मजकुराखाली सही करायची असेल तर तो मजकूर खोडून मग करा. पैसे यूपीआय, कार्ड किंवा चेकने द्या. एका उपचाराचे २ लाख किंवा अधिक रोखीने स्वीकारणे आयकर कायद्यालाच मंजूर नाही.

बिलासाठी पेशंटला अडवून धरणे हा वसुलीचा कायदेशीर मार्ग नाही. भारतीय न्यायसंहितेत बेकायदा अडवणूक आणि डांबून ठेवणे हे गुन्हे आहेत, आणि अशा वेळी पोलिसांच्या ११२ या क्रमांकाला फोन करता येतो. पार्थिव थकीत बिलापोटी अडवू नये, असे राज्याचे २०२१ चे सुधारित शुश्रूषागृह नोंदणी नियम सांगतात. मात्र हात उगारू नका, काच फोडू नका. २०१० च्या राज्याच्या कायद्यानुसार तो अजामीनपात्र गुन्हा आहे. ३ वर्षांपर्यंत कैद, ५०,००० रुपयांपर्यंत दंड आणि नुकसानीच्या दुप्पट भरपाई. एका काचेपायी चाळीस हजारांचा खरा दावा बाजूला पडतो.

घरी आल्यावर पहिल्या आठवड्यात दोन अर्ज द्या. एक केसपेपरच्या पूर्ण प्रतीसाठी. २००२ च्या वैद्यकीय आचारसंहितेनुसार मागणी केल्यापासून ७२ तासांत कागदपत्रे द्यावी लागतात, आणि आंतररुग्णांची कागदपत्रे ३ वर्षे जपावी लागतात. झेरॉक्सचा रास्त खर्च मागितला तर द्या. 'फक्त डिस्चार्ज कार्ड मिळेल' या उत्तरावर परत फिरू नका. डिस्चार्ज कार्डावर डोसांच्या वेळा नसतात. दुसरा अर्ज वैद्यकीय अधीक्षकांच्या नावे, हरकतींचा. त्यात भावना नको, तक्ता हवा : बिलातील ओळ, बिलातील नग, केसपेपरनुसार नग, फरक, रक्कम, पान क्रमांक. अर्ज दोन प्रतींत न्यावा आणि आपल्या प्रतीवर आवक शिक्का घ्यावा. शिक्का देत नसतील तर पोचपावतीच्या टपालाने पाठवा, ईमेलही करा. उत्तरासाठी १५ दिवसांची मुदत घाला. फार्मसीचे नाव वेगळे असेल तर तिलाही प्रत द्या. पुढे ग्राहक आयोगात जावे लागले तर दोघांनाही पक्षकार करावे लागते, नाहीतर दोघे एकमेकांकडे बोट दाखवतात.

पुष्कळ प्रकरणे इथेच संपतात, कारण तक्ता पाहिल्यावर हिशेब विभागालाही चूक दिसते. न संपल्यास पुढचे दार स्थानिक पर्यवेक्षी प्राधिकाऱ्याचे. शहराच्या हद्दीत महापालिकेचा आरोग्य विभाग, बाहेर जिल्हा शल्यचिकित्सक किंवा जिल्हा आरोग्य अधिकारी. केंद्राचा क्लिनिकल एस्टॅब्लिशमेंट कायदा महाराष्ट्राने स्वीकारलेला नाही. आपल्याकडे १९४९ चा शुश्रूषागृह नोंदणी कायदा लागू आहे, आणि २०२१ च्या सुधारित नियमांनी रुग्णहक्कांची सनद व दरपत्रक दर्शनी भागात लावणे सक्तीचे केले आहे. भरती होतानाच दरपत्रकाचा फोटो काढून ठेवला तर बिलातला दर आणि फलकावरचा दर ताडता येतो. वैद्यक परिषदेकडे जाण्याचा सल्ला पुष्कळ जण देतात. ती परिषद डॉक्टरांच्या वर्तनाची चौकशी करते, बिलाचे पैसे परत मिळवून देत नाही.

१९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर मराठीत तक्रार नोंदवता येते. त्यानेही काम झाले नाही तर जिल्हा ग्राहक आयोग. पैसे घेऊन दिलेली वैद्यकीय सेवा ग्राहक कायद्यात येते, हे सर्वोच्च न्यायालयाने १९९५ मध्येच ठरवले आहे. भरलेली रक्कम ५ लाखांपर्यंत असेल तर आयोगाची फी शून्य, आणि ५० लाखांपर्यंतची प्रकरणे जिल्हा आयोगातच चालतात. वकील सक्तीचा नाही. मुदत २ वर्षांची. रुग्णालयाला उत्तर देण्यासाठी ३० दिवस आणि फार तर आणखी १५ मिळतात. २०१९ च्या कायद्याने एक मोठी सोय केली : तक्रारदार राहतो तिथल्या जिल्ह्यातही दावा लावता येतो. म्हणजे पुण्यातल्या रुग्णालयाच्या बिलाबद्दल सोलापूरकराला सोलापुरातच जाता येते, आणि सोलापुरातल्या बिलाबद्दल इंडीच्या माणसाला विजयपुरात.

'माझा तर कॅशलेस विमा आहे, मला काय' असे म्हणणाऱ्यांनी दोन गोष्टी ध्यानात घ्याव्यात. न वापरलेल्या औषधाचे पैसे कंपनीने दिले तरी ते तुमच्या विमा रकमेतून वजा होतात. वर्षात दुसऱ्यांदा भरती व्हावे लागले तर तेवढे संरक्षण कमी पडते. आणि 'नॉन-मेडिकल' म्हणून तुमच्याकडून घेतलेल्या रकमेचा तपशील पाहा. विमा नियामकाच्या चार याद्या आहेत. पहिल्या यादीतल्या वस्तूंचा खर्च विमेदाराचा. उरलेल्या तीन याद्यांतले आकार (फाइल, डिस्चार्ज प्रक्रिया, नोंदणी शुल्क, सर्जिकल ब्लेड, युरिन बॅग वगैरे) खोलीभाडे, शस्त्रक्रिया किंवा उपचाराच्या खर्चातच धरलेले असतात. ते वेगळे काढून तुमच्या माथी मारले असतील तर विमा कंपनीलाही लेखी कळवा. डिस्चार्जची मंजुरी ३ तासांत द्यायची असे नियामकाच्या मे २०२४ च्या परिपत्रकात आहे, तेव्हा 'रिटर्न करत बसलात तर मंजुरी लांबेल' ही भीती बाळगू नका. महात्मा फुले जन आरोग्य योजनेतल्या पेशंटचा प्रश्न तर याहून सरळ आहे. मंजूर पॅकेजमधल्या उपचारासाठी पैसे घ्यायचेच नसतात. मागितले तर रुग्णालयातल्या योजनेच्या आरोग्यमित्राला आणि १५५३८८ या क्रमांकावर कळवा, दिलेच असतील तर पावती जपा.

जाता जाता जीएसटीबद्दल. दिवसाला ५,००० रुपयांपेक्षा जास्त भाड्याच्या खोलीवर ५ टक्के कर जुलै २०२२ पासून आहे, पण आयसीयूच्या भाड्यावर तो नाही. आयसीयूच्या ओळीवर कर दिसला तर तीही हरकतीत धरा.

महापालिकेच्या आरोग्य विभागाकडे तीन मागण्या आहेत. नोंदणी नूतनीकरणाच्या तपासणीत दरपत्रकाबरोबर बिलाचा नमुनाही पाहावा, आणि त्यात प्रत्येक औषधापुढे 'दिले, वापरले, परत' असे तीन रकाने असावेत. अंतिम बिलाबरोबर फार्मसीचे लेजर न मागता द्यावे. आणि बिलाविषयीच्या तक्रारीचा पत्ता व क्रमांक बिलाच्या तळाशी मराठीत, कानडीत आणि तेलुगूत छापावा. या शहरातल्या यंत्रमाग आणि विडी कामगारांच्या घरात इंग्रजी बिल वाचणारा माणूस दरवेळी हजर असतो असे नाही, आणि आज रिटर्नची स्लिप मागायची असते हेच बहुतेकांना कळत नाही.

आपला,
एक निवृत्त फार्मासिस्ट
जुळे सोलापूर